बर्फाचा रस्ता आणि रबराची जात

विक्रोळी आणि बर्फ या दोन शब्दांची सांगड गोळेवाल्याच्या गाडीपलीकडे गेलेली आम्हांस आजवर ठाऊक नव्हती. सांताक्रूझ येथील वेधशाळेच्या नोंदींत मुंबईच्या थंडीचा नीचांक ७.४ अंश सेल्सिअस असा आहे, आणि तोही २२ जानेवारी १९६२ रोजींचा. अशा गांवच्या वाचकांपुढें हिमांत मोटार कशी हांकावी हा विषय मांडणें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु गेल्या दिवाळींत आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं याच विषयावरून जो वाद माजला, तो ऐकल्यावर आम्हांस असें वाटूं लागलें कीं हा प्रश्न आतां परका राहिलेला नाहीं. ज्या घरांतील एखादा मुलगा, पुतण्या किंवा भाची वर्षांतून चार महिने पांढऱ्या रस्त्यांवर वावरत नाहीं, असें घर आमच्या वाचकवर्गांत शोधूनच काढावें लागेल.

हें कुटुंब विक्रोळीच्या टागोरनगरांतलें. आप्पा, माई, त्यांचे दोघे चिरंजीव, दोघी सुना आणि नातवंडें असा गोतावळा शेजारशेजारच्या दोन बिऱ्हाडांची मधली भिंत काढून एकत्र नांदतो. आप्पांची सारी नोकरी भांडुपच्या टायरच्या कारखान्यांत, रबराचें मिश्रण तयार होतें त्या खात्यांत झाली. (तो कारखाना सीएटचा. या चार अक्षरांचा अर्थ फार थोड्यांना ठाऊक असतो. इटलींतील तुरीन शहरीं १९२४ सालीं विजेच्या तारा करणारी जी कंपनी निघाली, तिच्या लांबलचक नांवाचीं तीं आद्याक्षरें होत. तुरीन आल्प्सच्या पायथ्याशीं आहे, हा या कथेंतील एक योगायोग.) थोरला नातू जर्मनींत स्टुटगार्ट येथें अभियंता आहे. बरोबर पत्नी व सहा वर्षांची मुलगी. ज्या शहरीं पोर्शे मोटारी तयार होतात, त्या शहरीं राहून तरुण माणसाच्या मनांत कोणती इच्छा उत्पन्न होईल, हें सांगावयास नकोच. ऑगस्टांत त्यानें एक वापरलेली, पण नीट राखलेली ९११ विकत घेतली. तिचें छायाचित्र विक्रोळीस आलें, सगळ्यांनीं पाहिलें, माईंनीं कुंकवाचें बोट दूरध्वनीच्या कांचेला लावलें, आणि विषय तेथें संपला.

तो पुन्हां निघाला भाऊबीजेच्या दिवशीं. नाताळच्या सुट्टींत याच गाडीनें तिघें ऑस्ट्रियांत, तिरोलच्या डोंगरांत जाणार, असें नातवानें सांगितलें. माईंनीं विचारलें, "अरे, तेथें बर्फ असेल ना?"

"असणारच माई, त्यासाठींच तर जायचं. तूं काळजी करूं नकोस. गाडीला सगळ्यांत भारी टायर आहेत, अगदीं कोरे. शर्यतीच्या गाड्यांना असतात तसे."

झोपाळ्यावर बसलेल्या आप्पांनीं इतका वेळ वर्तमानपत्र बाजूला केलें नव्हतें. तें आतां केलें, आणि एवढेंच विचारलें, "भारी म्हणजे कोणत्या हवेसाठीं भारी?"

या एका प्रश्नावरून पुढें तीन दिवस वाद चालला. आमच्या मतें साऱ्या विषयाचें मर्मही त्या प्रश्नांतच आहे, म्हणून त्याची थोडी फोड करितों.

मार्गशीर्षांत पहाटे उठून न्हाणीघरांतील खोबरेल तेलाची बाटली उलटी केली तर थेंब पडत नाहीं, हा अनुभव निदान पुण्यानाशिकच्या वाचकांस तरी आहेच. तिच्या शेजारची तिळाच्या तेलाची बाटली मात्र नेहमींसारखीच वाहते. दोन्हीं तेलेंच, परंतु घडण निराळी, म्हणून थिजण्याची वेळ निराळी. रबराचेंही कांहींसें असेंच आहे. तें तेलासारखें एका अंशावर थिजत नाहीं, पण थंडी वाढत गेली कीं हळूहळू आपली लवचिकता टाकून कडक, कांचेसारखें होत जातें, आणि हें कोणत्या तपमानाच्या आसपास घडावें, तें मिश्रण करणाऱ्याच्या हातीं असतें. उन्हाळी टायराचें मिश्रण तापलेल्या डांबरावर वितळूं नये, झिजूं नये, भर वेगांत वळणावर वेडेंवांकडें होऊं नये अशा बेतानें केलेलें असतें. तपमान सुमारें ७ अंशांच्या खालीं गेलें कीं त्याची पकड घटूं लागते. हिंवाळी टायराचें मिश्रण याच्या उलट. तें गोठणबिंदूच्या पुष्कळ खालींही मऊ राहतें, आणि म्हणूनच उन्हाळ्यांत वापरलें तर भराभर झिजतें व ब्रेक लावतांना लिबलिबतें. वरच्या नीचांकाकडे पुन्हां पाहावें. मुंबईच्या मोटारीला आपल्या साऱ्या आयुष्यांत या ७ अंशांच्या रेषेखालीं जाण्याची पाळीच आलेली नाहीं. टायराला ऋतु असतो ही कल्पना आपल्याकडे कोणास सुचत नाहीं, याचें कारण हेंच.

शर्यतीच्या जातीचे म्हणून जे टायर विकले जातात, ते तर उन्हाळी टायरांतही अधिक उन्हाळी. कित्येक कारखानदार लेखी बजावतात कीं उणे ७ अंशांच्या आसपास किंवा त्याखालीं अशा टायरांवर गाडी हलवूंही नये, कारण गोठलेल्या रबरास चिरा पडण्याची भीति असते. सारांश, नातू ज्यास सगळ्यांत भारी म्हणत होता, तें त्याच्या प्रवासापुरतें सगळ्यांत हलकें होतें. आप्पांनीं हें त्यास एका वाक्यांत सांगितलें: "तुझे टायर म्हणजे जरीचा शालू आहे रे, तो नेसून कोणी पुरांत उतरत नाहीं."

मिश्रणानंतर नक्षी. हिंवाळी टायराच्या प्रत्येक ठोकळ्यावर सुरीनें कापल्यासारख्या असंख्य बारीक, नागमोडी फटी असतात. आपल्या पावसाळी रस्त्यावर टायराचें काम पाणी बाहेर फेकण्याचें. बर्फांत मात्र त्यानें बर्फ धरून ठेवावयाचा असतो. हें प्रथम ऐकतांना उलटें वाटतें. पण मुलें बर्फाचे गोळे करून खेळतात तेव्हां बर्फाला बर्फ कसा चिकटतो हें ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. फटींत दाबून बसलेला बर्फ रस्त्यावरील बर्फाला पकडतो. गुळगुळीत रबराला तें साधत नाहीं. ही विद्या फिनलंडांत उदयास आली. तेथील ज्या कंपनीचें आजचें नांव नोकियन, तिनें १९३४ सालीं मालमोटारींसाठीं आणि १९३६ सालीं लहान मोटारींसाठीं खास हिंवाळी टायर काढले.

असा टायर ओळखावयाची खूण सोपी आहे. बाजूच्या भिंतीवर तीन शिखरांचा डोंगर व त्यांत एक हिमकण कोरलेला असतो. 'एम' आणि 'एस' ही नुसतीं अक्षरें पुरेशीं नाहींत. तीं कारखानदार आपल्या मतानें घालतो, त्यासाठीं बर्फावरची परीक्षा द्यावी लागत नाहीं. जर्मनींत रस्ता बर्फाळ असेल तेव्हां हिंवाळी टायर सक्तीचे आहेत, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून तेथें डोंगराची खूण असलेलाच टायर त्या नांवाला पात्र ठरतो. ऑस्ट्रियांत १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळांत अशीच सक्ती असून नक्षीची खोली निदान ४ मिलिमीटर लागते. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतांत हवा कशीही असो, १ डिसेंबर ते १५ मार्च हे टायर हवेतच. जर्मन लोकांत एक सोपा आडाखा आहे: ऑक्टोबर ते ईस्टर. माईंनीं लगेच त्याचें भाषांतर केलें, "म्हणजे दसऱ्याला घालायचे आणि पाडव्यानंतर काढायचे," आणि तें अगदींच चूक नाहीं.

नातवाचा दुसरा युक्तिवाद असा कीं आजकालच्या मोटारींत घसरण सांवरणारीं यंत्रें असतात, तीं सर्व पाहून घेतात. हा समज फार पसरलेला आहे म्हणून त्याचा समाचार घेतला पाहिजे. यंत्र फार तर असलेली पकड चारी चाकांत शहाणपणानें वांटून देईल. नसलेली पकड तें कोठून आणणार? शाळेंत शिकलेल्या गतिशास्त्रानें हिशेब करून पाहावा. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदास सुमारें १४ मीटर. कोरड्या डांबरावर ब्रेक दाबल्यापासून गाडी १२-१३ मीटरांत थांबते. दाबून बसलेल्या बर्फावर, टायर चांगले हिंवाळी असले तरी, ३५ ते ४० मीटर लागतात. गुळगुळीत कांचेसारख्या गोठणीवर शंभराच्या घरांत जातें. आणि हें सारें ब्रेक दाबल्यावरचें. समोरचें पाहून पाय उचलेपर्यंत जो एक सेकंद जातो, त्याचे १४ मीटर वेगळेच. बर्फावर उन्हाळी टायरास हिंवाळीच्या जवळजवळ दुप्पट अंतर लागल्याचें चांचण्यांतून वारंवार दिसून आलें आहे. चारी चाकांना इंजिनाचा जोर देणाऱ्या मोटारीही येथें विशेष उपयोगी पडत नाहींत. त्या चढावर सुटतात झटकन, पण थांबतांना सगळ्या मोटारी सारख्याच. किंबहुना चटकन सुटल्यामुळें चालकास रस्ता बरा असल्याचा भास होतो, आणि तोच घात करितो.

येथें नातवाचे वडील, म्हणजे आप्पांचे थोरले चिरंजीव, वादांत पडले. त्यांचें म्हणणें असें कीं हा खटाटोपच नको. मुलीला मागें बसवून असल्या शर्यतीच्या घोड्यावर डोंगर चढण्यापेक्षां आगगाडीनें जावें, नाहीं तर एखादी साधी ऊंच गाडी भाड्यानें घ्यावी. वडिलांची काळजी आम्ही समजूं शकतों, परंतु हें मत आम्हांस सर्वस्वीं मान्य नाहीं. ९११ चें इंजिन मागील चाकांच्याही मागें असतें, आणि त्यामुळें तिच्या वजनाचा सुमारें तीनपंचमांश भाग ज्या चाकांना जोर मिळतो त्यांच्यावरच पडतो. बर्फांतून निघतांना हा मोठाच फायदा आहे. १९६८, १९६९ आणि १९७० अशीं ओळीनें तीन वर्षें माँटे कार्लोची हिंवाळी शर्यत याच जातीच्या गाडीनें जिंकली, आणि तेव्हां तिलाही जोर मागच्याच दोन चाकांना होता. तेव्हां गाडी बर्फाला नालायक आहे असें नव्हे. तिला बर्फाचे जोडे घालावयास हवेत, आणि तिचे स्वभावदोष चालकास ठाऊक हवेत.

जोड्यांविषयीं थोडें. अशा गाडीस मागील बाजूस साधारण ३०० मिलिमीटर रुंदीचे टायर असतात. उन्हाळ्यांत रुंदी हें भूषण. मऊ बर्फांत तीच अडचण, कारण रुंद टायर बर्फावर तरंगूं पाहतो, अरुंद टायर तो कापून खालच्या कठीण थरापर्यंत पोंचतो. म्हणून कारखान्यानें मान्य केलेल्या मापांपैकीं लहान चाक व किंचित् अरुंद, जाड भिंतीचा टायर हिंवाळ्यासाठीं निवडावा. टायर चारही बदलावे. काटकसर म्हणून दोनच बदलणारे लोक आहेत, आणि त्यांनीं पुढचे दोन बदलले तर गाडीचें तोंड धरतें व शेपूट सुटतें. हें कांहींच न बदलण्यापेक्षां वाईट. हवेचा दाब थंडींत तपासावा, कारण दर ५-६ अंश उतारास सुमारें एक पौंड दाब कमी होतो. बऱ्याच हिंवाळी टायरांची वेगमर्यादा गाडीच्या कमाल वेगापेक्षां कमी असते. तसें असल्यास तो आंकडा लिहिलेली चिठ्ठी चालकाच्या डोळ्यांसमोर लावावी, असा जर्मनींत दंडक आहे. सांखळ्यांचें मात्र अगोदर पाहावें. रुंद चाक आणि वरची कमान यांत या गाड्यांना जागा फार थोडी असते, आणि कोणत्या मापाच्या चाकावर सांखळी चढते तें गाडीच्या पुस्तकांतच सांपडतें. ज्या घाटाच्या तोंडाशीं सांखळी घातलेल्या चाकाचें निळें वाटोळें चिन्ह दिसेल, तेथें सांखळी नसेल तर गाडी वळवावी, मग टायर कितीही चांगले असोत.

आतां हांकण्याची रीत. श्रावणांत कोंकणांतल्या घराच्या शेवाळलेल्या पाखाडीवरून जो उतरला आहे, त्याला ही रीत अर्धी येते. तेथें आपण काय करितों? पाऊल जपून टाकतों, एकदम थांबत नाहीं, एकदम वळत नाहीं, आणि थांबणें व वळणें ही दोन्हीं एकाच पावलांत तर कधींच करीत नाहीं. टायराच्या पकडीचेंही असेंच आहे. ती महिन्याच्या ठरीव पगारासारखी असते. ब्रेक, वळण आणि वेगवाढ हे तिघेही त्यांतूनच खर्च करितात. कोरड्या रस्त्यावर पगार मोठा असतो म्हणून तिघांचेंही भागतें. बर्फांत पगार चतुर्थांश झालेला असतो, तेव्हां एका वेळीं एकाचीच मागणी पुरवावी. वळणाआधीं सरळ रस्त्यावरच वेग उतरवावा. मग ब्रेक सोडून वळावें. वळण संपून चाकें सरळ झालीं कीं मग हलक्या पायानें वेग वाढवावा. निघतांना पहिल्याऐवजीं दुसरा गिअर बरा, म्हणजे चाकें जागच्या जागीं फिरत नाहींत.

मागें इंजिन असलेल्या गाडीचा एक खास अवगुण आहे. वळणाच्या मध्यावर भीति वाटून चालकानें वेगाच्या पट्टीवरून पाय एकदम उचलला, तर भार पुढें सरकतो, मागचीं चाकें हलकीं होतात, आणि तें जड शेपूट बाहेर फेंकलें जातें. घाबरलेला माणूस नेमका पाय उचलतो, ही खरी पंचाईत. उतारावर गिअर झटक्यानें खालीं आणल्यानेंही तेंच होतें. शेपूट सुटलेंच तर ज्या बाजूस तें जात असेल त्या बाजूस चक्र हलकेंच फिरवावें आणि दृष्टि जावयाच्या वाटेवर ठेवावी, खड्ड्याकडे नव्हे. कारण हात नजरेच्या मागें जातात. हें वाचून येत नाहीं. जर्मनींत ए.डी.ए.सी. या मोटारवाल्यांच्या संस्थेचीं शिक्षणकेंद्रें आहेत, तेथें मुद्दाम निसरड्या केलेल्या फरशीवर गाडी घसरवून सांवरावयास शिकवितात. आप्पांनीं नातवास टायरांबरोबर याही शिक्षणाची अट घातली.

"आप्पा, मी विक्रोळीच्या हायवेवर शिकलोंय. इथले लोक तर फारच सांभाळून चालवतात," नातू म्हणाला.

"तिथेंच सांगतों," आप्पा म्हणाले. "जूनच्या पहिल्या पावसांत पूर्व द्रुतगती मार्गावर पुलाच्या उतारावर दुचाक्या कशा आडव्या होतात, पाहिल्या आहेस ना? तेल, धूळ आणि दोन थेंब पाणी. तो अर्धा तास असतो. तुला तसा सबंध दिवस काढायचा आहे."

ही तुलना आम्हांस फार आवडली, कारण ती शास्त्रालाही धरून आहे. बर्फ निसरडा होतो तो बऱ्याच अंशीं त्याच्या पृष्ठावरील पाण्यासारख्या पातळ थरामुळें. म्हणून कडक थंडींतला बर्फ त्या मानानें बरा, आणि शून्य अंशाच्या जवळपासचा, वितळूं वितळूं करणारा बर्फ सर्वांत घातकी. पुलांवर तो आधीं धरतो, कारण तेथें रस्त्याला खालूनही गार वारा लागतो. डांबर नुसतें ओलें दिसत असतें आणि असतें गोठलेलें. समोरच्या गाडीच्या चाकांमागें तुषार उडत नसतील तर सावध व्हावें.

आमच्या ज्या वाचकांचें परदेशीं कोणी नाहीं, त्यांसही हें सर्वस्वीं निरुपयोगी नाहीं. ३ ऑक्टोबर २०२० रोजीं रोहतांगखालचा ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाल्यापासून मनालीहून लाहूलकडे हिंवाळ्यांतही मोटारी जाऊं लागल्या आहेत, आणि त्यांत मुंबईपुण्याचे आंकडे असलेल्या मोटारी कमी नसतात. डिसेंबर २०२४ मध्यें सोलंगच्या बाजूस एकाएकीं बर्फ पडून शेंकडों गाड्या अडकल्या. पोलिसांनीं रात्रीं प्रवाशांस बाहेर काढलें. मुंबईच्या उष्म्यासाठीं बनविलेल्या टायरांवर तेथें स्वतःची गाडी नेणें आम्हांस पसंत नाहीं. बर्फ पडूं लागल्यास तेथला सांखळीवाला स्थानिक चालक करावा. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

असो. नातवाचा विरोध शेवटीं मावळला तो आप्पांच्या शास्त्रामुळें कीं माईंच्या मौनामुळें, तें सांगतां येत नाहीं. तिसऱ्या दिवशीं माई दूरध्वनीवर आल्याच नाहींत; पणतीलाच बोलावून "तूं मागें पट्टा बांधून बसतेस ना गं?" एवढेंच त्यांनीं आंतून विचारलें. नोव्हेंबरांत टायरवाल्यांकडे गर्दी असते म्हणून चाकें मिळावयास डिसेंबर उजाडला. दोन्हीं शनिवार निसरड्या फरशीवर गेले. पहिल्या दिवशीं गाडी पांच वेळां गरकन फिरली, हें त्यानें आपण होऊन कळविलें, याचें आम्हांस कौतुक वाटलें. निघण्याच्या दिवशीं डोंगरांत फार बर्फ पडत होता, तेव्हां त्यांनीं एक दिवस उशीर केला.

नाताळच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं विक्रोळीस छायाचित्र आलें. पांढऱ्या उतारावर ती गाडी उभी, आणि पुढच्या झांकणावर सांचलेल्या बर्फांत पणतीनें बोटानें काढलेला गणपति. घरांतील सगळे गणपति पाहत असतां आप्पांनीं चष्मा लावला, चित्र दोन बोटांनीं ताणून मोठें केलें आणि मागच्या चाकाच्या भिंतीवर तीन शिखरांचा डोंगर शोधून काढला. मग नातवास निरोप धाडला: "एक दिसला. उरलेल्या तिघांचे फोटो पाठव."